काही आत आल्याशिवाय काही बाहेर नाही

तुमच्या दारावर थाप पडली, तर कडी काढण्याआधी तुम्ही समोरच्या माणसात काय बघता? चेहरा, असं म्हणाल. खोटं. चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी रंग बघतात, मग कपडे, मग आडनाव विचारतात. हे मला कुणा पुस्तकाने शिकवलेलं नाही. एकोणीसशे साठच्या दशकात मी इंग्लंडात हॅलिफॅक्सला लोकरीच्या गिरणीत लागलो आणि खोली शोधायला रस्त्यावर उतरलो, तेव्हा दारोदार शिकलो.

तिकडे खोली द्यायची असली की खिडकीच्या काचेला आतून पुठ्ठा लावत. त्यावर त्यांचा एक शब्द असे, 'लेट'. मला इंग्रजी येत होतं ते सोलापूरच्या गिरणीत साहेबाच्या शिव्या ऐकून आलेलं, त्यामुळे हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो त्या पुठ्ठ्यांवरच. मग कळलं, हे एवढंसं क्रियापद त्या गावात बारा बलुतेदारांची कामं एकटं करतं. खोली भाड्याने देणं म्हणजे लेट. माणसाला घरात घेणं म्हणजे लेट. हातातला हात सोडणं, भांडण मिटवून टाकणं, गुपित फुटू न देणं, सगळ्यात हाच. आपल्याकडे 'दे' राबतो ना, येऊ दे, जाऊ दे, राहू दे, मरू दे, अगदी तसाच. फरक एवढाच, की पुठ्ठ्यावर 'देणे आहे'च्या खाली बारीक अक्षरात कुणाला देणे नाही तेही लिहिलेलं असायचं. काळे नकोत. आयरिश नकोत. कुत्री नकोत. त्याच क्रमाने.

टेंटर हिल नावाच्या चढावरच्या गल्लीत मी असाच फिरत होतो. खालच्या वळणावर मिसेस क्लेगच्या खिडकीत पुठ्ठा होता. दार किलकिलं करून ती म्हणाली, "खोली गेली." मी म्हणालो, "बाई, पुठ्ठा अजून तसाच आहे." ती म्हणाली, "काढायचा राहिला." दुसऱ्या दिवशी गेलो तरी राहिलेलाच होता. मुद्दाम गेलो होतो. माझा स्वभाव तेव्हाही असाच.

चढाच्या टोकाला शेवटचं घर हेलिवेल कुटुंबाचं. दार उघडलं ते एका बुटक्या, लाल हातांच्या बाईने. तीच थर्झा हेलिवेल, जिच्याविषयी मी हे लिहितोय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "टोपी काढ."

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, आता काय सलाम पण ठोकायचा? तरी काढली. तिने मान वाकडी करून डोकं न्याहाळलं, बैल विकत घेताना शिंगं बघतात तसं.

"रंग लावलेला नाही ना?"

"आमच्यात बापे रंग लावत नाहीत."

"सेथ!" ती आत वळून ओरडली. "ए सेथ, खाली ये, बघ तरी याचे केस! कोळसा आहे नुसता!"

सेथ म्हणजे तिचा नवरा. रंगखात्यात आयुष्य गेलेला, उंच, खोकणारा माणूस. त्याने जिन्यातूनच बघितलं, म्हणाला, "जेवायला काय घालशील त्याला?" आणि वर निघून गेला. खोली मला मिळाली. माझं नाव संभाजी, पण तिच्या तोंडात ते 'संबा'च्या पुढे कधी सरकलं नाही.

खोली त्यांच्या मुलीची होती. पलंगाच्या वर एका पोरीचा फोटो होता, तांबड्या केसांची, दात फाकलेली, हसणारी. मी विचारलं तर थर्झाबाई म्हणाली, "आमची एव्हिस," आणि उशीचा अभ्रा ओढून ओढून सरळ करत राहिली. बाकीचं मला बाहेरून कळलं. एव्हिसने लग्न केलं ते एका आयरिश माणसाशी, रस्त्यावर डांबर घालणाऱ्या, आणि वर कॅथलिक. सेथ प्रॉटेस्टंटांच्या प्रार्थनामंदिराचा कट्टर भक्त. तो म्हणाला होता, मी जिवंत आहे तोवर ही पोरगी माझा उंबरा ओलांडणार नाही. थर्झाबाई त्यावर काय म्हणाली? काहीच नाही. ती 'राहू दे' या जातीची बाई होती. नवरा तापला, राहू दे. चहात साखर कमी पडली, राहू दे. पोरगी लिव्हरपूलला निघून गेली, तेही तिने राहू दिलं, आणि रोज संध्याकाळी ताटं घेताना एक जास्तीचं ताट काढून परत ठेवत राहिली. हे मी स्वतः पाहिलंय.

माझ्या केसांचा उलगडा मला नवीन वर्षाला झाला. त्या मुलखात नवं वर्ष आपोआप येत नाही. त्याला कुणीतरी घरात आणावं लागतं. एक जानेवारीच्या सकाळी उंबऱ्यावर पहिलं पाऊल पडायला हवं ते काळ्या केसांच्या पुरुषाचं, हातात कोळशाचा खडा घेऊन. मग वर्षभर चूल पेटती राहते आणि घरातलं माणूस जात नाही. बाईचं पाऊल पहिलं पडलं तर अपशकुन. तांबड्या केसांचं पडलं तर त्याहून वाईट. आणि तांबड्या केसांची बाई म्हणजे घरात मरण ठरलेलं. आणखी एक नियम होता, तो नीट लक्षात ठेवा: तो काळा माणूस आत येईपर्यंत घरातून काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. माणूस नाही, केर नाही, राख नाही, खरकटं पाणीसुद्धा नाही. काही आत आल्याशिवाय काही बाहेर नाही. गेलं तर त्याच्याबरोबर घरातला जीव जातो.

तिकडे तेव्हा एक जानेवारीला सुट्टी नसायची. मी रात्रपाळीला असायचो, सकाळी सुटलो की बॉयलरजवळून एक खडा उचलायचा, समोरच्या दाराने आत यायचं. वर्षभर मागच्या दाराने ये-जा करणारा मी, त्या दिवशी राजा. पहिल्या वर्षी तिने मला केक दिला, चीज दिलं, सेथनेही हात मिळवला. दुसऱ्या वर्षी गल्लीला कळलं. आणि मग मजा झाली. ज्या दारांवर मला 'खोली गेली' ऐकावं लागलं होतं, ती सगळी दारं त्या सकाळी माझ्यासाठी उघडी राहायला लागली. मिसेस क्लेग तर हात धरून ओढायची.

"ए पोरा, इकडे! आधी आमच्याकडे!"

"खोली देताय का, बाई?"

"खोलीचं कुठे काढतोस? नुसतं पाऊल हवंय मला."

गल्ली हसायची. मीही हसायचो. पाऊल चालतं, माणूस चालत नाही, हे मी नंतर भाडेकरूंच्या सभांमध्ये खूपदा ओरडून सांगितलं. पण तेव्हा केक खाल्ला, हे खरं.

आता त्या वर्षाकडे येतो. नाताळनंतर बर्फ पडायला लागलं ते हटायचं नाव घेईना. सेथची छाती पार गेली होती. तो वरच्या खोलीतून उतरत नव्हता. आणि डिसेंबरात कधीतरी, थर्झाबाई त्याला सूप भरवत असताना, तो म्हणाला, "आपल्या एव्हिसला सांगावा धाड. म्हणावं, ये."

एवढंच. तेवढ्यावर ती बाई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिली. मला म्हणाली, "संबा, तो येऊ देतोय तिला." मग ऍप्रनने तोंड झाकलं.

एव्हिसची जुनी मैत्रीण म्युरिअल मच्छीच्या दुकानात होती, तिचं लिव्हरपूलला जाणंयेणं असे. तिच्याकडे निरोप दिला. नाताळ गेला, एव्हिस आली नाही. थर्झाबाई रोज माझी खोली झाडायची, म्हणायची, "ती आली तर तू काही दिवस खालच्या बाकड्यावर झोपशील ना रे?" मी म्हणायचो, "मी गिरणीत झोपेन, तुम्ही तिला येऊ तर द्या." सेथ वरून काठी आपटायचा, "आली का?" ती म्हणायची, "बर्फ आहे, सेथ. गाड्या रखडल्यात."

एव्हिस आली ती एक जानेवारीच्या सकाळी.

मी तिथे नव्हतो. जे झालं ते मला थर्झाबाईने पुढे किती वेळा सांगितलं, त्याला मोजदाद नाही, आणि समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने पडद्याआडून सगळं पाहिलं होतं, त्यानेही शब्दाला शब्द तसंच सांगितलं.

दारावर थाप पडली. थर्झाबाईला वाटलं मीच. ती धावली, आणि कडीवर हात ठेवल्यावर तिच्या मनात आलं, संबा असता तर बुटांचं बर्फ झटकल्याचा आवाज आला असता. म्हणून तिने आधी खिडकीची काच वर केली. बाहेर एव्हिस उभी. डोक्यावरचा रुमाल घसरलेला, तांबडे केस बर्फाने भरलेले, हातात कापडात बांधलेला केक.

"आई, दार उघड."

"आलीस! अगं माझी बाई ती, आलीस! थांब हं जरा. आमचा भाडेकरू येईलच एवढ्यात. त्याला पाऊल टाकू दे, मग लगेच तू."

"थांबू? इथे?"

"आज दिवस कोणता आहे, विसरलीस का गं?"

"नाही विसरले. मला वाटलं, आज तू विसरशील."

"तुझे केस, बाळा..."

"माझे केस मला माहीत आहेत. लहानपणी दर वर्षी तूच मला मागच्या खोलीत कोंडायचीस, शेजाऱ्यांना सकाळी सकाळी दिसू नये म्हणून. आता मी बाहेर आहे एवढंच."

"तुझ्या बाबांचं बरं नाही. तू बघशील तर ओळखणार नाहीस. या वर्षी मला विषाची परीक्षा नाही बघायची गं. येईल तो, येईलच. अगदी काळेभोर केस आहेत त्याचे."

"कुठे राहतो तो?"

थर्झाबाई खोटं बोलू शकत नसे. म्हणाली, "तुझ्या खोलीत."

एव्हिसने केसांतलं बर्फ झटकलं. म्हणाली, "बरं, थांबते. चहा तरी दे खिडकीतून. बोटं मेलीत माझी."

किटली थर्झाबाईच्या शेजारीच होती. चहा तयार होता, माझ्यासाठी केलेला. तिने कपाला हात लावला आणि हात मागे घेतला. "देते गं, देते. पण अजून काही आत आलेलं नाही. आत आल्याशिवाय..."

"एक कप चहा, आई."

"त्याबरोबर तुझ्या बापाचा जीव जाईल."

एव्हिसने हातातला केक पुढे केला. "मग हा घे आत. बाबांना आवडतो तसला, मसाल्याचा. काहीतरी आत आलं म्हणजे झालं ना? मग चहा दे."

आणि थर्झाबाई म्हणाली, "तुझ्या हातून नको गं."

हे वाक्य तिने मला सांगताना कधी सबंध सांगितलं नाही. 'तुझ्या' म्हणायची आणि थांबायची. पुढचं मला समोरच्या म्हाताऱ्याकडून कळलं.

तेवढ्यात वरून काठी आपटली. "थर्झा! पोरीचा आवाज आहे तो! येऊ दे तिला वर!"

"येतेय, सेथ! संबाला आधी येऊ दे!"

"खड्ड्यात गेला तुझा संबा! मी ईस्टर बघणार नाही, बये, काळा येवो नाहीतर तांबडा! दार उघड!"

"तुझ्यासाठीच चाललंय हे!"

"मग माझ्यासाठी उघड!"

वर पलंग करकरला. पावलं घासत आल्याचा आवाज आला. जो माणूस महिनाभर उठला नव्हता तो जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहिला आणि खोकल्याने दुमडला. थर्झाबाई खिडकी सोडून धावली. त्याला पडता पडता धरलं, पायरीवर बसवलं, पाठ चोळली, त्याच्या ओठांवर आलेलं पुसलं. तो नुसता हाताने दाराकडे दाखवत होता. मग ती खाली आली.

खिडकीबाहेर कुणी नव्हतं. काचेच्या चौकटीवर केक होता, कापडासकट.

त्या वेळी मी कुठे होतो? चढावर. खालच्या वळणापासून दार न् दार उघडत होतं, बायका बाह्या धरून ओढत होत्या. प्रत्येक घरी पाऊल, प्रत्येक घरी घोटभर वाईन. मिसेस क्लेग म्हणाली, "बस रे, नशिबाला घाई चालत नाही." तिच्याकडून सुटून चढ चढायला लागलो तर वरून एक बाई उतरत आली. तांबडे केस. फोटोतल्या पोरीशी मी तिला जोडलं नाही. फोटोतली हसत होती. ही माझ्यासमोर थांबली, माझ्या डोक्याकडे पाहिलं, हातातल्या कोळशाकडे पाहिलं.

"तूच का तो भाडेकरू?"

"हो."

"जा मग लवकर. तुझी वाट बघतायत."

मी तिला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. टोपी काढून दिल्या. तिने मान हलवली आणि उतरत गेली.

घरापाशी पोचलो तर थर्झाबाई खिडकीत. "संबा, आत ये! पटकन! आत ये आधी!" मी उंबरा ओलांडला, खडा पुढे केला. तिने तो घेतला नाही. मी आत येताक्षणी ती माझ्या अंगावरून बाहेर गेली, सपाता घालून, बर्फात, "एव्हिस! ए एव्हिस! आता ये गं, आता चालतंय!" असं ओरडत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिच्यामागून धावलो, तिला ओलांडून पुढे गेलो. स्टेशनवर हमालाने सांगितलं, तांबड्या केसांची ना? लिव्हरपूलच्या गाडीत बसली. गाडी सुटली होती.

परत आलो तेव्हा थर्झाबाई चढाच्या मध्यावर उभी होती. एक सपात कुठेतरी राहून गेली होती. मिसेस क्लेग तिला शाल पांघरत म्हणत होती, "तू बरोबर केलंस, थर्झा. मी असते तरी हेच केलं असतं." मी त्या बाईला काय बोललो ते इथे लिहीत नाही. छापणार नाहीत.

म्युरिअल संध्याकाळी मच्छीचा वास घेऊनच घरी आली. तिला सगळं आधीच माहीत होतं, फक्त आम्ही विचारलं नव्हतं. एव्हिस आणि तिचा नवरा ऑस्ट्रेलियाला निघाले होते. कायमचे. त्याच आठवड्यात बोट होती. सामान बांधून झालं होतं.

"निरोप घ्यायला येणार होती," म्युरिअल म्हणाली. "निरोप तरी कसला. नवऱ्याला सांगून आली होती, मी बाबांना विचारते. बाबा म्हणाले 'जा', तर मी येते. म्हणाले 'जाऊ नकोस', तर मी नाही यायची, तू तुझं बघ. एवढं सोपं होतं, मिसेस हेलिवेल. तिला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता."

थर्झाबाई चुलीतला विस्तव सारखा करत राहिली. नंतर लिव्हरपूलला तार केली, मी बंदरावरच्या युनियनच्या ओळखीच्या माणसाला फोन केला, त्याने धक्क्यावर शोधलं. हजारो माणसं, बर्फ, कुणाची कुणाला ओळख नाही. बोट गेली.

सेथला तिने सांगितलं, रस्ते मोकळे झाले की एव्हिस परत येणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, आणि त्याच्या तोंडावर. तो म्हणाला, "तिला कळलं का, मी बोलावलं होतं ते? का तिला वाटलं अजून मीच अडवलंय?" थर्झाबाई म्हणाली, "कळलं, सेथ. तुझा आवाज गेला तिच्यापर्यंत." गेला होता की नाही, कुणाला ठाऊक. समोरच्या म्हाताऱ्याला मी विचारलं. त्याचं म्हणणं, सेथ ओरडला तेव्हा पोरीने वर पाहिलं होतं. पण वर बघितलं म्हणजे शब्द ऐकले असं होत नाही.

सेथ बर्फ वितळायच्या आत गेला. काळ्याभोर केसांचं पाऊल पडलं होतं, कोळसा आत आला होता, नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. केक त्याने खाल्ला नाही. ती रोज विचारायची, तो म्हणायचा, पोरगी आली की खाऊ.

पुढच्या वर्षी एक जानेवारीला मी सवयीने खडा घेऊन चढ चढलो. दुरूनच दिसलं, दार सताड उघडं. वारा आत शिरून सतरंजी उलटी करत होता. थर्झाबाई अंगणातल्या डब्यात राख ओतत होती. उजाडायच्या आधीपासून ती आत-बाहेर करत होती, मुद्दाम, पायाने, हाताने, झाडूने, बादलीने.

मी म्हणालो, "मिसेस हेलिवेल, मी यायच्या आधीच?"

ती म्हणाली, "टाक तो खडा कुठेही. आत यायचं होतं ते येऊन गेलं."

मिसेस क्लेग खालून ओरडली, "अगं थर्झा, सबंध गल्लीवर बला आणशील!"

"येऊ दे," थर्झाबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून मी ते शब्द असे ऐकले, भांडणाच्या सुरात.

मी पुढे लग्न करून दुसरीकडे गेलो, पण जाणंयेणं राहिलं. त्या खोलीत नंतर कोण कोण राहिलं! जमैकाची एक बसकंडक्टर, बिनलग्नाची पोर घेऊन आलेली एक मुलगी, तुरुंगातून सुटलेला एक म्हातारा. ज्यांना गल्ली 'खोली गेली' सांगायची, ते सगळे चढाच्या टोकाला जायचे. प्रार्थनामंदिरातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. आमच्या भाडेकरू संघाच्या सभेत मी तिला एकदा व्यासपीठावर बोलावलं, म्हटलं ही बघा, हिने दार सगळ्यांना उघडं ठेवलंय. तिने मला सगळ्यांसमोर झापलं. "मी काही चांगली बाई नाही, संबा. मला त्या खोलीत शांतता सोसवत नाही, एवढंच." आणि उतरून गेली. मला राग आला होता तेव्हा. चूक तिची नव्हती.

एव्हिसकडून काही आलं नाही. म्युरिअलला कधीतरी उडतउडत कळलं, दोन मुलं आहेत, एकाचे केस तांबडे. थर्झाबाईने तेवढंच ऐकून घेतलं. "थंडी नाही ना तिकडे?" म्हणाली.

शेवटी ती इस्पितळात होती तेव्हा मी रोज जायचो. एके दुपारी तिने विचारलं, "संबा, तुमच्याकडे असतं का रे असलं काही? कुणाचं पाऊल आधी, कुणाचं नाही?"

मला म्हणता आलं असतं, नाही. परक्या देशात आपल्या घराची अब्रू राखायची सवय असतेच माणसाला. पण त्या बाईला मी काय सांगणार होतो? मी तिला माझ्या काकीची गोष्ट सांगितली. काका गेल्यावर काकीने मला आणि माझ्या भावाला वाढवलं. माझ्या भावाची वरात निघाली तेव्हा तिला कोठीच्या खोलीत बसवलं होतं, नवरदेवाला समोरून विधवा आडवी येऊ नये म्हणून. घास भरवला तिने, आंघोळी घातल्या तिने, आणि ओवाळायला बसल्या इतर बायका. ती आत बसून ताशे ऐकत होती.

थर्झाबाईने डोळे मिटले. मग म्हणाली, "तिने चहा मागितला का रे?"

"नाही."

"मागत नाहीत," ती म्हणाली. "माझ्या पोरीने मागितला."

तिला नेलं तेव्हा शवपेटी समोरच्या दाराने काढली. रीत तशीच आहे तिकडे. मिसेस क्लेग आली होती, काठी टेकत, रडत. मी तिला हात दिला.

आता तुम्हाला एक मागणं आहे, आणि मी मागणं कधी लाडीगोडीने करत नाही. या लग्नसराईत तुमच्या घरी मांडव पडेल. तुमची एखादी आत्या, काकी, मावशी मोकळ्या कपाळाने दाराच्या कडेला उभी असेल, स्वतःहून मागे सरकलेली, कुणी सांगायच्या आत. भटजी ताट मागतील, बायका एकमेकींकडे बघतील. तेव्हा तिला हाताला धरून पुढे आणा आणि पहिलं औक्षण तिच्या हातून करून घ्या.